सकाळ उशिरा सुरू होते आमच्याकडे

गेल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळचे पावणेसात झाले असतील, मी आंघोळीला गेलेले आणि दूधवाल्या पोराने हाक मारली म्हणून सासूबाई, म्हणजे आमच्या आई, पातेलं घेऊन दाराशी गेल्या. मी बाहेर आले तेव्हा तो दूध घालतच होता. आईंनी पातेलं बोटांनी धरलंच नव्हतं, दोन्ही मनगटांच्या मधे दाबून, कोपरं पोटाशी टेकवून त्या उभ्या होत्या आणि त्यामुळे पातेलं एका बाजूला कललेलं. "काकी, सरळ धरा की जरा, सांडंल," तो म्हणाला. आई हसल्या. "थंडी किती पडलीय बघ की रे." "व्हय, लई कडाका हाय," म्हणत त्याने माप कॅनमधे टाकलं आणि गाडीला किक मारली. बास, एवढंच. दूध सांडलं नाही, कुणी कुणाला लागेल असं बोललं नाही. पण ते मला दिवसभर सोडेना. बोटं मिटत नाहीयेत हे त्या पोराला काय सांगत बसायचं, त्यापेक्षा थंडी आहे म्हटलं की विषय तिथेच मिटतो, समोरचाही हो म्हणतो. आणि मग लक्षात यायला लागलं की दिवाळी झाली की आमच्या घरात सगळेच हे करतात. अण्णा, म्हणजे सासरे, चक्कर आली की थंडीवर ढकलतात, मी खोकला थंडीवर ढकलते, आई तर काय, सगळंच.

आता साताऱ्यात राहून थंडीबद्दल वाईट बोलायचं म्हणजे लोक विचित्र नजरेने बघतात. इथे थंडीची सगळे वाट बघतात. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दवबिंदू गोठले की तो फोटो पेपरात येतो आणि मग दिवसभर मोबाईलवर फिरतो, जणू काही आपल्याच घरी लग्न निघालंय. अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला अंधारातच माणसं चढायला लागतात, कानटोपी, स्वेटर, हातात काठी, तोंडातून वाफा, आणि वरून परत येताना घाम पुसत चहाच्या गाडीवर थांबलेली असतात. थंडी म्हणजे तब्येत कमवायचे दिवस, खाल्लेलं अंगी लागतं, हे आपण सगळे ऐकतच मोठे झालो. मलाही थंडी आवडायचीच की, अजूनही आवडते. माझं माहेर कोरेगाव बाजूचं, लहानपणी खळ्यावरची शेकोटी, गरम राखेतून काढलेला हुरडा तळहातावर चोळायचा, फुंकर मारून तूस उडवायचं, त्यातले काही दाणे इतके कोवळे असायचे की चोळतानाच दूध सुटायचं. तो वास आठवला की आजही बरं वाटतं. त्यामुळे थंडीचा राग येतो असं मी म्हणणार नाही. पण जी थंडी धडधाकट माणसाला दिवसभराची ताकद देते, तीच आमच्या घरातल्या तीन माणसांचे सकाळचे दोन-तीन तास पार काढून घेते, आणि हे बाहेर कुणाला दिसत नाही कारण नऊ-दहा वाजता आम्ही सगळे चालते-बोलते झालेले असतो.

आमचं घर अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याला. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला आणि मधे अख्खा डोंगर, त्यामुळे पोवई नाक्याला लख्ख ऊन पडलेलं असतं तेव्हा आमच्या अंगणात अजून निळसर सावलीच असते. साडेआठशिवाय ऊन येत नाही. सगळ्यांना वाटतं २१-२२ डिसेंबरला सगळ्यात लहान दिवस म्हणजे त्यानंतर सकाळ लवकर व्हायला लागणार, पण तसं होत नाही, आपल्याकडे सूर्य सगळ्यात उशिरा उगवतो तो संक्रांतीच्या आसपास. दिवस संध्याकाळच्या बाजूने वाढायला लागतो, सकाळ मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत मागेच सरकत राहते. आईंना हे कुणी सांगितलेलं नाही पण त्यांच्या गुडघ्यांना माहितीय, संक्रांतीपर्यंत काही खरं नाही असं त्या दरवर्षी म्हणतात.

आणि नेमके घरातले सगळे आजार सकाळचेच.

हे मला डॉक्टरांनी समजावून सांगितलं तेव्हा एकदम डोक्यात उजेड पडला. आईंना आमवात आहे, रिपोर्टवर लिहितात तो रुमेटॉइड आर्थरायटिस. त्यात सांध्यांना सूज आणणारी शरीरातली रसायनं रात्रीतून वाढत जातात आणि पहाटे सगळ्यात जास्त असतात, म्हणून उठल्यावर तास-तास, कधी त्याच्याही वर सांधे आखडलेले राहतात. वयाने गुडघे झिजतात त्यातही सकाळी आखडतं पण ते अर्ध्या तासात मोकळं होतं, हे तसं नाही. अण्णांना बीपी आणि शुगर. बीपी जागं व्हायच्या वेळेला वर चढतं, सगळ्यांचंच चढतं, आणि थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून आणखी चढतं. शुगरचं पण तेच, रात्री काही न खाताही पहाटे लिव्हर साखर सोडतं आणि सकाळचा आकडा रात्रीच्या वर जातो, मग अण्णा म्हणतात, मी तर काहीच खाल्लं नाही. आणि माझा दमा, त्याची वेळ पहाटे चारची, तेव्हा श्वासनळ्या दिवसातल्या सगळ्यात अरुंद असतात. म्हणजे चार ते नऊ या वेळात आमच्या घरात एकही माणूस धड नसतो, आणि बाहेर थंडीही तेव्हाच सगळ्यात जास्त.

आईंची सकाळ मी रोज बघते तरी ती मला सवयीची होत नाही. जाग आली तरी त्या उठत नाहीत, आधी पांघरुणातच बोटं हलवून बघतात. मुठी वळत नाहीत, तर्जनी आणि मधलं बोट अर्ध्यावर येऊन थांबतं, पेरांवरची कातडी चकाकते इतकी सूज असते. मग मी घमेल्यात कोमट पाणी आणून देते, त्यात त्या दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत बुडवून बसतात आणि पाण्यातच बोटं हळूहळू उघडझाप करतात. पहिली काही मिनिटं चेहरा आक्रसलेला असतो. मग एका क्षणी खांदे खाली येतात, तिथे मला कळतं की आता जमतंय. पाणी पुसायला मात्र त्या मला देत नाहीत, टॉवेल मांडीवर पसरून त्यावर हात फिरवून स्वतःच पुसतात. बांगड्या त्यांनी मागेच सैल करून घेतल्या. भाकरी थापायचं सोडलं त्याला काही वर्षं झाली पण परातीत पीठ मळलेलं दिसलं की त्यांची नजर तिथे जाते, मी थापत असताना "कडा जाड राहिली बघ" म्हणतात आणि ती खरंच जाड राहिलेली असते.

थंडीने सांधे दुखतात हे आपल्याकडे कुणालाही विचारा, हो म्हणणार. मी एकदा यावर वाचत बसले होते तर इंग्लंडातल्या मँचेस्टर विद्यापीठाने अडीच हजारांवर लोकांना मोबाईलवर रोजचं दुखणं नोंदवायला लावलं होतं आणि ते तिथल्या रोजच्या हवेशी ताडून बघितलं, २०१९ मधे छापून आलं. त्यात दमट हवा, कमी झालेला हवेचा दाब आणि वारा असलेल्या दिवशी दुखणं थोडं वाढलेलं दिसलं, पण नुसत्या तापमानाचा तसा ठळक संबंध दिसला नाही. मी आईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, त्यांच्याकडे फरशी असते का गं अशी? मला ते पटलं. तिथे घरं आतून गरम करतात, बाहेर बर्फ असला तरी माणूस उबेत उठतो. आपल्याकडे पारा दहा-बारावर आला की शहाबादी फरशी, पत्र्याचं न्हाणीघर, लोखंडी कॉट, टाकीतलं पाणी, सगळं घरच गार पडतं, खिडकीच्या फटीतून वारा येतो तो वेगळाच. थंडीने सूज वाढत नसेल कदाचित, पण आखडलेला हात गार कडीला लावायचा, गार नळ पिळायचा, तो त्रास मोजला कुणी? म्हणून आम्ही घरातल्या वस्तू बदलल्या. नळाला पिळायची चावी होती ती काढून दांडीची बसवली. कॉटपासून न्हाणीपर्यंत जुनी सतरंजी अंथरली. पातेल्याऐवजी दोन कानांची कढई दुधाला ठेवायची म्हणतेय. या गोष्टींना खर्च फार नाही पण त्या सुचायला वेळ लागतो, कारण दुखणाऱ्या माणसाला मागायचा संकोच असतो आणि आपल्याला दिसत नसतं.

एक गोष्ट मात्र मी कडक केलीय. दुखतंय ना, मग मेडिकलमधून आणा एक डायक्लोफेनॅक, हा सल्ला थंडीत घरी येणारा प्रत्येक पाहुणा देतो आणि प्रेमानेच देतो. पण त्या गोळ्यांनी बीपी वाढतं, किडनीवर ताण येतो, आणि आमच्याकडे एकाच ड्रॉवरमधून दोघं औषधं घ्यायचे. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही नाक मोकळं करणारं औषध असतं तेसुद्धा बीपी चढवतं. आईंची मुख्य गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, मेथोट्रेक्सेट, ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून तिचा डबा वेगळा, त्यावर मोठ्या अक्षरात फक्त रविवार, आणि तो माझ्या कपाटात.

अण्णांचं दुखणं दिसत नाही म्हणून जास्त भीती वाटते. त्यांना शेकोटीचं भारी वेड. गल्लीत कोपऱ्यावर संध्याकाळी पोरं पुठ्ठे, वाळका पाला, कुणाच्या तरी बांधकामातली लाकडं टाकून शेकोटी करतात, तिथे हे खुर्ची टाकून बसणार, राजकारण, ऊसदर, सगळं तिथेच. मागच्या डिसेंबरात असंच बसले होते आणि पलीकडचा पोरगा म्हणाला, रबर जळाल्याचा वास येतोय. सगळे आगीत बघायला लागले की काय पडलंय. अण्णांच्या उजव्या चपलेचा पुढचा भाग वितळून वाकडा झाला होता, आणि पाय त्यात होता, आणि त्यांना काहीही कळलेलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या शुगरने तळव्यांची जाणीव कमी झालेली. नशिबाने लोकरी मोजा होता, अंगठ्याला लाल चट्टा आणि छोटा फोड एवढ्यावर निभावलं, पण तो फोड भरायला किती आठवडे लागले ते मी बघितलंय. मला सगळ्यात लागलं ते घरी आल्यावर. ते बराच वेळ पाय मांडीवर घेऊन बोटाने दाबून दाबून बघत होते, जणू दुसऱ्या कुणाचा पाय हातात आलाय.

तेव्हापासून गरम पाण्याची पिशवी त्यांच्या पायाला नाही. आधी पिशवीने पांघरूण गरम करायचं, मग काढून घ्यायची, मग पाय आत. आंघोळीचं पाणी माझ्या कोपराने बघायचं, त्यांच्या पायाने नाही. झोपताना टाचांना कोकम तेल, भेगा पडल्या की त्यातून जंतू जातात म्हणून, पण बोटांच्या बेचक्यात काही लावायचं नाही, तिथे ओल राहते. हे करताना मी पाय उलटे करून बघते, पहिल्यांदा त्यांना फार अवघड वाटलं, सुनेने पाय धरायचे म्हणजे. आता ते स्वतःच बॅटरी धरतात. खोलीत शेगडी घेऊन दार लावायचं नाही हे पण त्यांना पटवावं लागलं, कोळशाच्या त्या विषारी वायूला वासच नसतो. सकाळी शुगर तपासताना बोट टोचलं तरी रक्त येत नाही, गार पडलेलं असतं, मग हात कोमट पाण्याने धुवून, कोरडा करून, खाली सोडून हलवायचा, तेव्हा थेंब येतो. आणि इन्सुलिन फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकवायचं नाही, तिथे गोठतं, आणि एकदा गोठलेलं पुन्हा पातळ झालं तरी कामाचं राहत नाही. खाण्याचं काय सांगू, डिंकाचे लाडू, तिळाच्या वड्या, भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी, सगळे दिवस एकत्रच येतात. गुळाचं चालतं असं त्यांच्या मित्रमंडळींचं ठाम मत आहे. शुगरला गूळ काय आणि साखर काय, फरक पडत नाही, पण अर्धा लाडू मी त्यांना देते. ज्या माणसाने जन्मभर थंडीत लाडू खाल्लेत त्याच्यासमोर आपण खायचा आणि त्याला द्यायचा नाही हे मला जमत नाही, त्या दिवशी भाकरी अर्धी कमी.

माझं स्वतःचं थोडक्यात सांगते. थंडी आणि गाळप हंगाम एकाच वेळी चालू असतो. ऊसतोड झाली की शेतात पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवतात, आणि पहाटे जमिनीलगतची हवा गार, वरची त्यापेक्षा उबदार, त्यामुळे धूर वर जातच नाही, कोरेगावच्या रस्त्याला माणसाच्या उंचीवर पांढरा थर आडवा पसरलेला दिसतो. लांबून फार सुंदर दिसतो. माहेरी जाताना मी गाडीच्या काचा लावून नाकावर ओढणी गुंडाळते, ओढणीआड हवा जरा ऊबदार आणि ओलसर होऊन आत जाते तेवढाच आधार. पाचट कुजवलं तर तेच खत होतं हे माझ्या भावालाही माहितीय, आता तो आमच्या तुकड्यात पेटवत नाही, शेजारचे पेटवतात. दम्याचा रोजचा पंप मी उन्हाळ्यात बरं वाटलं तरी सोडत नाही, सोडला की त्याची वसुली जानेवारीत होते. पंप लागला म्हणजे शेवटची पायरी असं अजून लोकांना वाटतं, माझ्या आईलाही वाटायचं, ती चारचौघांत मला तो पदराआड घ्यायला लावायची. आता मी एसटीत, लग्नात, कुठेही घेते.

तर मुद्दा सकाळचा. आमच्या घरात आम्ही काय केलं तर दिवसच दोन-अडीच तास पुढे ढकलला. आईंची आंघोळ दहाला. अण्णांचं फिरणं पहाटे बंद, ते नऊनंतर, उन्हात, कान झाकून. ते कुरकुरले, कारण 'चार भिंती' नावाच्या ठिकाणी फिरायला जाणारा त्यांचा ग्रुप पहाटेचा, एवढ्या वर्षांची माणसं सुटली, आणि हे दुःख खरं आहे, गोळीने जाणारं नाही. त्यातले दोघंजण मग आपणहून उन्हाच्या वेळेला यायला लागले. कळलं तर त्या दोघांनाही हार्टच्या गोळ्या चालू होत्या, नुसतं बोलत नव्हते. धुंधुरमासाचं आईंना फार अवघड गेलं. सूर्योदयाला नैवेद्य, मुगाची खिचडी, भरीत, लोणी, बाजरीची भाकरी, त्यासाठी त्या चारला उठून चूल पेटवायच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना हातच उचलेना, तरी म्हणाल्या, मी बसून करते. मी गप्प बसले, काय बोलणार? मग त्यांनीच अंगणात बघितलं आणि म्हणाल्या, "आपल्याकडं ऊन कुठं साडेआठशिवाय येतंय, तेव्हाच करू." त्यानंतर आमचा धुंधुरमास साडेआठचा. मला त्यावेळी जे वाटलं ते सांगता येत नाही, हलकंही वाटलं आणि त्यांच्याकडे बघवलंही नाही.

घरातलं जमतं. बाहेरचं जग मात्र अजून पहाटेचंच आहे. दवाखान्याचा नंबर लावायला सहाला जा. रक्त द्यायला उपाशीपोटी सातला या, आणि तिथल्या गार बाकावर सत्तरीतली माणसं स्वेटरची बाही वर करून बसलेली, शुगरची, बीपीची, दम्याची, सगळी नेमकी तीच माणसं ज्यांची ही वेळ सगळ्यात वाईट. शेजारी राहणाऱ्या एका आजोबांना तिथेच घाम फुटून चक्कर आली होती, शुगरची गोळी घेऊन उपाशी बसलेले. हे बघून मला खरंच राग येतो. कुणाच्या मनात वाईट नसतं, फक्त वेळा ठरवणारी माणसं धडधाकट असतात. मी आता डॉक्टरांना प्रत्येक तपासणीला विचारते की ही उपाशीच द्यावी लागते का. तीन महिन्यांची शुगर सांगणारी एचबीए१सी तपासणी जेवूनही देता येते, दिवसभरात कधीही. थायरॉइडच्या तपासणीलाही सहसा उपाशी राहावं लागत नाही. जी खरंच उपाशी लागते त्या दिवशी सकाळची गोळी, इन्सुलिन कधी घ्यायचं हे आदल्या दिवशीच विचारून घ्यायचं आणि खिशात बिस्किटं ठेवायची. आणि थंडी सुरू व्हायच्या आधी, दिवाळीच्या सुमारास, बीपीच्या गोळ्यांचा डोस बघून घ्यायचा, आपल्या मनाने अर्धी-पाव करत बसायचं नाही.

फेब्रुवारीत आईंची तपासणी आहे, परवा त्यासाठी फोन लावला. फोनवरची मुलगी म्हणाली, सकाळी आठचं देते. मी म्हटलं साडेअकराच्या पुढचं द्या. "लांबून येताय का?" म्हटलं नाही हो, साताऱ्यातच राहतो, आमवात आहे, सकाळी बोटं आणि गुडघे आखडलेले असतात, अकरापर्यंत त्यांना जिना उतरता येत नाही. आई शेजारीच बसल्या होत्या, शेंगा सोलायचा प्रयत्न चालला होता, माझ्याकडे बघायला लागल्या. तिकडे जरा वेळ काही आवाज नाही, मग ती म्हणाली, पावणेबाराचं आहे, चालेल का? आणि लिफ्ट मागच्या बाजूला आहे, तिकडून या.